टक्का शंभरच्या पुढे, तरी कोपीत गोवर कसा?

पत्र:

"मॅडम, मी सातारा जिल्ह्यात एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. सगळा ऊसपट्टा आहे. पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) पहिल्या डोसचं माझं काम गेल्या वर्षी १०५ टक्के निघालं, मीटिंगमध्ये नाव घेतलं गेलं. त्यानंतर महिनाभरातच साखर कारखान्याच्या रस्त्यालगतच्या कोप्यांमध्ये, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांमध्ये, चार मुलांना ताप आला, अंगावर पुरळ उठलं. नमुने पाठवले, गोवर निघाला. चौघांनाही गोवर-रुबेलाचा एकही डोस मिळालेला नव्हता. वरून सांगण्यात आलं की ती मुलं आपल्या उद्दिष्टात नाहीत, तुम्ही कशाला टेन्शन घेता. माझ्याकडे रजिस्टर आहे, डोस बाकी असलेल्यांची ड्यू लिस्ट आहे, ऑनलाइन नोंदीचं यू-विन आहे. एवढी माहिती हाताशी असून ही मुलं मला दिसली कशी नाहीत? आणि आता त्यांना धरून खरा टक्का काढला तर तो एवढा खाली येईल की नोटीसच मिळेल. काय करू?"

प्रिय ताई,

आधी तातडीचं. त्या चौघांना 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, मिळाले ना? आणि कोप्यांमधल्या व शेजारच्या वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांची घरोघर पाहणी झाली ना? झाली असेलच, पण आणखी दोन-तीन आठवडे ताप आणि पुरळ दिसलं की लगेच कळवत राहा. गोवर चार मुलांवर थांबला असं गृहीत धरू नका.

आता तुमचा प्रश्न. तुम्हाला ही मुलं दिसली नाहीत, कारण टक्केवारीच्या छेदात ज्यांचं नावच नाही ती माणसं तुमच्या कोणत्याच तक्त्यात उमटत नाहीत. तुमच्या कामात कसूर नाही. ज्या आकड्यावर तुमचं काम मोजलं जातं त्या आकड्यात ती खोट आहे, आणि ती दुरुस्त करण्याइतकी माहिती तुमच्या रजिस्टरमध्ये आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१०५ टक्के येतात कसे ते आधी बघा. तुमच्या उपकेंद्राची लोकसंख्या समजा ६,१०० आहे. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली असते. तिला हजारी १५ च्या आसपासचा जन्मदर लावला की वर्षाला सुमारे ९२ बाळं येतात. हे तुमचं उद्दिष्ट. तुम्ही पेंटाचा पहिला डोस दिला ९७ बाळांना, म्हणजे १०५ टक्के. पण या ९७ मध्ये माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकींची बाळं किती? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत राहते. बीसीजी, पोलिओ आणि पेंटाचे दोन-तीन डोस तुमच्या हातून होतात, मग ती सासरी जाते. तुमच्या अंशात ते बाळ मोजलं गेलं, छेदात ते कधी नव्हतंच. समजा अशी १६ बाळं होती. ती वजा केली तर ९७ ची ८१ उरतात, आणि ९२ पैकी ८१ म्हणजे ८८ टक्के. याच्या उलटही घडतं. तुमच्या गावच्या सुना माहेरी गेल्या, त्यांच्या बाळांचे डोस तिकडे पडले, तुमच्या छेदात मात्र ती बाळं आहेतच. या दोन्हींची वजाबाकी शून्य होते असं समजू नका. ज्या गावात दवाखाना चांगला, रस्ता चांगला, तिथे माहेरवाशिणी जास्त टिकतात आणि तिथला टक्का फुगतो. डोंगरावरच्या वाडीचा टक्का त्याच कारणानं दबतो.

पेंटाच्या पहिल्या डोसकडून गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसपर्यंत किती मुलं गळतात हे आपण काढतो, आणि गळती १० टक्क्यांच्या वर गेली की पाठपुरावा कमी पडला असं म्हणतो. तुमचं समजा पेंटा ९७ आणि गोवर-रुबेला ८०. गळती साडेसतरा टक्के. मीटिंगमध्ये तुम्हाला विचारतील, पाठपुरावा का नाही? पण यातली निम्मी-अधिक बाळं गळालेलीच नसतील, सासरी गेलेली असतील. तिथे त्यांना नववा महिना संपल्यावर डोस मिळाला की नाही हे तुमच्या रजिस्टरला माहीत नाही आणि सासरच्या सिस्टरला तर असं बाळ आहे हेच माहीत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती साधी: बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे सासरचं गाव, तिथल्या उपकेंद्राचं नाव आणि जाण्याची अंदाजे तारीख लिहा. ती गेली की तिकडच्या सिस्टरला फोन करा. तुमच्या गळतीचा खरा आकडा तेव्हाच निघेल.

हे झालं गावातलं. कोप्यांची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिथली मुलं कुणाच्याच छेदात नाहीत. बीड किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातलं त्यांचं गाव म्हणतं, कुटुंब कारखान्यावर गेलंय. तुमचं गाव म्हणतं, हे बाहेरचे. दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ, ही मुलं तुमच्या उपकेंद्राच्या हद्दीत राहतात, तुमच्याच कालव्याचं पाणी पितात, तुमच्याच गावच्या दुकानात रांगेत उभी राहतात. त्यांना झालेला गोवर तुमच्या गावच्या नऊ महिन्यांखालच्या बाळांना होतो. उद्दिष्ट कागदावर कुणाचंही असो, जबाबदारी बाळ आज जिथे झोपतं तिथल्या उपकेंद्राची असते असं माझं ठाम मत आहे. उच्च जोखमीच्या भागांच्या यादीत वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे मुक्काम आणि स्थलांतरितांच्या वस्त्या धरायच्याच असतात. तेव्हा 'उद्दिष्टात नाहीत' हे उत्तर नियमानंही टिकत नाही.

सरासरीनं आपली किती फसगत होते हे राज्यानं पाहिलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं पूर्ण लसीकरण २०१५-१६ मध्ये ५६ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ते ७३ टक्क्यांवर गेलं. प्रगती खरीच होती. तरी २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी आणि त्या एम-पूर्व विभागात गोवर भडकला, मालेगावात आणि भिवंडीत भडकला, मुलं दगावली. करोनाच्या काळात लसीकरण सत्रं बंद पडली, कुटुंबं गावी गेली-आली, दाट वस्तीत एकेका गल्लीत डोस न मिळालेली मुलं साठत गेली. शहराच्या एकत्रित आकड्यात ती गल्ली दिसत नव्हती. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायला सांगितलं. जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांमध्ये रुग्ण १० टक्क्यांहून जास्त होते, तिथे सहा महिन्यांपासूनच डोस द्यायची मुभा दिली. गोवर रोखायला दोन डोसांचं प्रमाण ९५ टक्के लागतं, आणि ते प्रत्येक वस्तीत लागतं. जिल्ह्याच्या बेरजेत ९५ आले म्हणून एखादी वस्ती सुरक्षित होत नाही.

तुमच्याच आकड्यांत बघा. समजा गावात नऊ महिने पूर्ण झालेली ८० बाळं आहेत आणि ७४ ना डोस मिळालाय: साडेब्याण्णव टक्के. कोप्यांमध्ये त्याच वयाची २५ आहेत, डोस मिळालाय नऊ जणांना: ३६ टक्के. दोन्ही मिळून १०५ पैकी ८३, म्हणजे ७९ टक्के. हे तीन आकडे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. तुमच्या फॉर्मवर आज पहिला जातो. तिसरा पाठवला तर नोटीस येईल अशी तुम्हाला भीती वाटते. पण काम करायला उपयोगी आहे तो दुसरा, कारण कुठे जायचं ते फक्त तोच सांगतो.

आता एक गोष्ट करून बघा, फार कमी जण ती करतात. कोप्यांमधल्या मुलांची यादी जन्ममहिन्याप्रमाणे लावा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. एप्रिलमध्ये जन्मलेलं बाळ घ्या. पेंटाचे तिन्ही डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे, म्हणजे मेअखेर ते जुलैअखेर. तेव्हा कुटुंब गावीच असतं. डोस पडतात, कार्डावर नोंद होते, त्यांच्या गावच्या सिस्टरचा पेंटाचा टक्का उत्तम दिसतो. गोवर-रुबेलाची पाळी येते जानेवारीत, आणि जानेवारीत बाळ तुमच्या हद्दीतल्या कोपीत असतं. फेब्रुवारी ते जुलै या काळात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचं असंच होतं. उलट नोव्हेंबर ते मार्चमध्ये जन्मलेल्या बाळांना जन्मताच द्यायचा पोलिओ आणि कावीळ-बीचा डोस चुकतो, पेंटाची सुरुवातच उशिरा होते. म्हणजे मूळ गावी हेच बाळ गळती म्हणून दिसतं, तुमच्याकडे ते दिसतच नाही. कारण मात्र एकच आहे, गाळप हंगाम. 'आई-वडील बेफिकीर आहेत' हे वाक्य मीटिंगमध्ये फार सहज बोललं जातं. जन्ममहिन्याची यादी समोर ठेवली की ते वाक्य टिकत नाही. बेफिकिरीनं मुलं गळली असती तर ती बारा महिने सारखी गळली असती.

या यादीतून दुसरं मिळतं ते म्हणजे पुढचं वर्ष. कोणत्या महिन्यात कोपीत कोणत्या लसीची किती मुलं निघतील याचा अंदाज तुम्हाला दिवाळीलाच बांधता येईल आणि मागणीपत्रात तेवढ्या कुप्या आधीच धरता येतील.

मुलं मोजायची कशी? पहिला माणूस कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या नोंदी ठेवणारा. मजुरांची कोणती टोळी कुणाच्या शेतात, कोणत्या तळावर उतरली आहे, किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या) आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. कारखान्याच्या शेतकी विभागाला वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र द्या आणि टोळ्यांची ठिकाणं मागून घ्या. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे कोयत्यांची संख्या मिळेल, मुलांची मिळणार नाही. उचल (आगाऊ दिलेली रक्कम), मजुरी, वयं या सगळ्यात त्याला कागदावर नावं नको असतात. म्हणून मुलांची मोजणी बायकांशी बोलून करायची, तीही कोपीच्या दारात बसून, आशाताईला बरोबर घेऊन. दोन वर्षांखालची पोरं दिवसा आईबरोबर उसाच्या फडात झोळीत असतात, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. सकाळी अकराला गेलात तर तळावर तुम्हाला दोन म्हाताऱ्या आणि चार कोंबड्या दिसतील आणि तुम्ही 'लाभार्थी आढळले नाहीत' असं लिहून परत याल. तो शून्य खरा नसतो.

कार्ड बऱ्याच जणींकडे नसतं, गावी पेटीत राहिलेलं असतं. घरी सासूला फोन लावायला सांगा, शेजारच्या पोराकडून कार्डाचा फोटो मागवता येतो. तेही जमलं नाही तर आईला नीट विचारा. पेंटा मांडीत देतात, गोवर-रुबेला उजव्या दंडात, बाळ बसायला-रांगायला लागल्यावर. 'सगळी इंजेक्शनं झाली' हे उत्तर पुरेसं धरू नका, कुठे टोचलं आणि तेव्हा बाळ काय करत होतं ते विचारा. तरीही शंका उरली तर डोस झाला नाही असं समजून द्या. गोवर-रुबेलाचा एक डोस जास्त झाल्यानं बाळाचं नुकसान होत नाही, राहून गेल्यानं होतं. पाच वर्षांपर्यंत तो देता येतो. पेंटाचा पहिला डोस मात्र वर्षाच्या आतच सुरू करता येतो, त्यामुळे अकरा महिन्यांचं बाळ दिसलं तर ते पुढच्या सत्रावर ढकलू नका.

वेळेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळं इथेच अडतं. लस फुकट आहे, पण आईचा दिवस फुकट नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तिनं एक दिवस दांडी मारली की खाडा पडतो, उचलीतून पैसे कापले जातात. तुमचं सत्र सकाळी दहा ते दोन अंगणवाडीत. तिथे यायचं म्हणजे तिला खाड्याची किंमत मोजायची आहे. शिवाय पेंटानंतर रात्री बाळ तापलं, किरकिरलं, तर दुसऱ्या पहाटे तीन-चारला फडात कसं जायचं? 'लस नको' म्हणणाऱ्या कितीतरी बायांच्या मनात लसीची भीती नसते, हा हिशेब असतो. तुमच्या नोंदीत मात्र घाबरणारी आणि हिशेब करणारी, दोघींपुढे एकच शब्द पडतो, 'नकार'. तेव्हा नकाराच्या रकान्यात कारण लिहा: खाडा, ताप, नवरा घरी नव्हता, मूल आजारी, कार्ड नाही. अशी दहा-पंधरा कारणं लिहून झाली की सत्राची वेळ बदलायला तुमच्याकडे पुरावा तयार होतो. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगता येतं की या तळावर संध्याकाळी सहानंतर किंवा बाजाराच्या दिवशी सत्र हवं आणि लस पोचवणाऱ्याची वेळ त्याप्रमाणे बदलावी लागेल. पॅरासिटामॉल हातात देऊन या, ताप किती वेळ राहील ते सांगा, आणि तुमचा स्वतःचा नंबर द्या. रात्री एखादीचा फोन येईल, घ्या.

कुपीचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो असणार. गोवर-रुबेलाची कुपी पाच डोसांची, पातळ केल्यावर चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. समोर एकच बाळ असलं की हात आखडतो, 'पाच जमू देत' असं वाटतं, कारण वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जातो. गावातलं बाळ पुढच्या महिन्यात परत येईल. कोपीतलं बाळ पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात असेल. एका बाळासाठी कुपी उघडा आणि वाया गेलेल्या डोसांसमोर 'स्थलांतरित वस्ती, एकच लाभार्थी' असं लिहा. वाया गेलेले चार डोस कागदावर दिसतात. न दिलेला एक डोस कुठेच दिसत नाही, म्हणून जाब नेहमी चाराचा विचारला जातो. एकाचा जाब आपला आपण विचारायचा.

यू-विनमुळे एक मोठी सोय झाली आहे. बाळानं कुठेही डोस घेतला तरी नोंद एकाच ठिकाणी जमते, आणि माहेर-सासर, गाव-कारखाना हा सगळा घोळ त्यानं बराच सुटू शकतो. पण सगळं मोबाइल नंबरावर येऊन थांबतं. आठ कोप्यांत मिळून दोन फोन असतात, त्यातला एक मुकादमाचा. चार बाळांची नोंद मुकादमाच्या नंबरावर झाली की हंगाम संपल्यावर ती बाळं पुन्हा हरवली. गावी राहिलेल्या आजीचा, काकाचा, जो वर्षानुवर्षं बदलत नाही असा नंबर घ्या. फोनच नसेल, आधार नसेल, तरी आधी लस द्या आणि कागदी रजिस्टरवर लिहून ठेवा. नोंद करता येत नाही म्हणून डोस थांबला असं एकदाही होऊ देऊ नका. करोनाच्या लसीच्या वेळी आपण हे भोगलंय. २०२१ च्या मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाला आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, तेव्हा शहरातले लोक मोबाइलवर खेड्यातल्या केंद्राची वेळ पकडून गाडीनं येत आणि त्या गावची माणसं दारात उभी राहून परत जात. नोंदणीची साखळी सैल केल्यावरच ते बदललं.

आता तुमच्या भीतीबद्दल. टक्का खाली येईल, खरं आहे. म्हणून तो एकत्र करून पाठवू नका. गावातलं काम आणि स्थलांतरितांचं काम वेगळ्या ओळींत दाखवा, वर एक साधं वाक्य लिहा: 'मागील अहवालात स्थलांतरित बालकांचा समावेश नव्हता.' मीटिंगच्या आधी दोन दिवस वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकटं भेटा. सगळ्यांसमोर पहिल्यांदा दाखवलं तर त्यांना बचावात जावं लागतं. जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, मागणी घेऊन जा: या तळावर या तारखांना फिरतं सत्र, एवढ्या कुप्या, एक वाहन, सूक्ष्म कृती आराखड्यात ही नवीन ठिकाणं. सोबत चार रुग्णांचा अहवाल ठेवा. गोवरचे रुग्ण आल्यावर १०५ टक्के कुणालाच दाखवता येत नाहीत, हे त्यांनाही कळतं. तालुक्याला पुढे खुलासा करायचा असतो आणि त्यासाठी तुमचाच कागद त्यांच्या कामी येईल. एवढं करूनही कुणी चिडेल. त्याची हमी मी देऊ शकत नाही. पण तारीख घातलेला, मागणीसह दिलेला लेखी अहवाल हातात असला की तुमची बाजू भक्कम राहते. उद्या साथ वाढली तर 'सिस्टरनं सांगितलंच नाही' असं तुमच्या नावावर पडणार नाही.

आणि हे काम तुम्ही पहिल्यांदा करत नाही आहात. पल्स पोलिओत भिंतीवर खडूनं 'पी' आणि 'एक्स' तुम्हीच लिहिलेत. सगळ्या मुलांना डोस मिळालेलं घर 'पी', एक जरी राहिलं तर 'एक्स'. दुसऱ्या दिवशी पथक 'एक्स'च्याच घरी जायचं. 'किती झाले' याहून 'कोण राहिलं' हा प्रश्न तिथे वरचढ होता, आणि त्यानंच देशातला पोलिओ गेला. शेवटच्या वर्षांत उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ तालुके वेगळे काढले गेले, कोसी नदीच्या पुरात अडकणाऱ्या वस्त्यांपर्यंत माणसं गेली, वीटभट्ट्या आणि स्थलांतरित टोळ्यांच्या वेगळ्या याद्या झाल्या. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या जंगली विषाणूचा रुग्ण नाही. त्या यशामागे वरच्या टेबलावरच्या माणसांइतक्याच खडू घेऊन फिरणाऱ्या सिस्टर आणि आशा होत्या. तीच पद्धत नेहमीच्या लसीकरणात आणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. तुमच्या वहीत एक 'एक्स'चा रकाना पुरे.

याद्या जपा, हे कळकळीनं सांगते. मुलांची नावं, जात, फोन असलेली यादी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, मुकादमाला देऊ नका. सरपंचांना लागतील ते फक्त आकडे द्या. 'कोपीवाल्यांनी गोवर आणला' अशी कुजबुज एकदा सुरू झाली की पुढच्या वेळी पुरळ उठलेलं मूल लपवलं जातं आणि मग तुमच्या हातात कोणतीच माहिती उरत नाही. २०२२ मध्ये साथ आलेल्या वस्त्यांना लोकांनी अशीच नावं ठेवली. तिथल्या आयांची चूक एवढीच होती की त्यांच्या गल्लीपर्यंत सत्र पोचलेलं नव्हतं. गावात कुणी तसं बोललं तर सांगा, गावातल्याही सहा मुलांचा डोस राहिला आहे, आधी त्यांना घेऊन या.

आता हंगाम अर्धा उरला आहे. या आठवड्यात चिटबॉयकडून ठिकाणं घ्या, दोन संध्याकाळी मोजणी करा आणि पुढच्या आठवड्यात पहिलं फिरतं सत्र लावा. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या आधी एक शेवटची फेरी ठेवा. तिच्यात दिलेल्या प्रत्येक डोसची कार्डावर नोंद करा, कार्डाचा फोटो आजीच्या नंबरावर पाठवा. मग मूळ गावच्या सिस्टरला निरोप द्या: 'ताई, तुमच्या गावची ही सात बाळं. पाच जणांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस इथे या तारखेला दिला, दुसरा सोळाव्या महिन्यानंतर तुमच्याकडे. दोघांचा राहिला, कुटुंब परवा निघतंय.' तिचा नंबर शोधायला त्रास होईल. तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळवा. आणि तिला एवढंच मागा की पुढच्या दसऱ्याला टोळ्या निघायच्या आधी तिनं अशीच यादी तुम्हाला पाठवावी.